निंबावरची गुळवेल

आमच्या टिटवाळ्याच्या घरामागे एक कडुनिंब आहे आणि त्या निंबावर गुळवेल आहे. हे वाक्य मी आजवर किती जणांना ऐकवले असेल याची गणती नाही. ऐकणारा जाणकार असला तर त्याच्या भुवया लगेच वर जात. गुळवेल काय, कुठेही असते. कुंपणावर असते, आंब्यावर असते, विजेच्या खांबावरसुद्धा चढते. पण निंबावर चढलेली गुळवेल गुणाने सर्वांत श्रेष्ठ, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानत आले आहेत. एखाद्याच्या घरी वाडवडिलांचा तानपुरा असावा, त्याला स्वतःला धड सा लावता येऊ नये, आणि तरी तानपुऱ्याचा मान त्याला मिळावा, तसा त्या वेलीमुळे मला गल्लीत मान होता.

वेल माझ्या आईने लावली. ‘लावली’ म्हणणेही जास्तच झाले. मी लहान असताना कुणाच्या तरी तापासाठी आणलेल्या वेलीचा वीतभर तुकडा उरला. तो तिने निंबाच्या बेचक्यात खोचून ठेवला आणि ती विसरून गेली. महिन्याभराने पाहतो तो त्या वाळक्या दिसणाऱ्या तुकड्यातून दोऱ्यासारखी एक पारंबी निघून जमिनीच्या दिशेने लोंबत होती आणि वरच्या टोकाला हृदयाच्या आकाराचे एक इवलेसे पान फुटले होते. संस्कृतात या वेलीला छिन्नरुहा म्हणतात, म्हणजे तोडली तरी उगवणारी. दुसरे नाव अमृता. रावण पडल्यावर इंद्राने अमृत शिंपडून रामाचे मेलेले वानर उठवले, त्यांच्या अंगावरून जे थेंब भुईवर ओघळले त्यांतून ही वेल उगवली, अशी कथा आहे. वरची साल कागदाच्या पापुद्र्यासारखी सुटते, खाली हिरवेगार अंग असते, आणि वेल आडवी कापली की आत चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा दिसतात. ते चाक दाखवायला मला फार आवडे. पाहुण्याला दाखवण्यासारखे आमच्या घरात दुसरे फारसे काही नव्हते.

टिटवाळा तसे देवाचे गाव. इथे कण्वमुनींचा आश्रम होता, शकुंतला इथेच वाढली, असे गावची परंपरा सांगते. तेव्हा वेलींशी आमचे नाते जुने म्हणायला हरकत नाही. बाहेरच्या लोकांना गाव ठाऊक आहे ते महागणपतीमुळे. अंगारकीला स्टेशनापासून देवळापर्यंत माणसांची रीघ लागते. पण मला गाव आवडते ते त्याच्या बाजारामुळे. सकाळी कसाऱ्याकडून येणाऱ्या गाडीने शहापूरकडच्या कातकरी आणि ठाकूर बायका पाट्या घेऊन उतरतात. पावसाच्या तोंडाशी शेवळे आणि त्याबरोबर काकडे, मग टाकळा, मग कुर्डू. आणि पुष्कळदा पाटीच्या तळाशी गुळवेलीच्या जुड्या.

आईच्या वैद्यकीला शास्त्र नव्हते, पण वेळापत्रक होते. घरात कुणाला ताप रेंगाळला की ती अंगठ्याएवढी जाड आणि चार बोटे लांब वेल तोडायची, वरवंट्याने ठेचायची, रात्रभर पाण्यात भिजत घालायची आणि सकाळी गाळून अनशा पोटी द्यायची. तीन दिवस; फार तर सात. ताप उतरला की बंद. आम्ही पोरे त्या कडूपणावर गूळ मागायचो तर तो मिळायचा नाही, आणि एकदा माझ्या धाकट्या भावाने शौर्य दाखवण्यासाठी आठव्या दिवशीही पेला पुढे केला तेव्हा तिने तो काढून घेतला. म्हणाली, “औषध आहे ते. चहा नव्हे.”

ते वाक्य मला पुढे चांगले पन्नास वर्षांनी आठवले. आणि तेही उशिरा आठवले.

२२ मार्च २०२०च्या रात्रीपासून लोकल थांबल्या. आमचे गाव गाडीच्या आवाजावर घड्याळ लावणारे. मी निवृत्त झालो होतो, मला कुठे जायचे नव्हते, तरी पहाटेची गाडी ऐकू येईनाशी झाली तेव्हा छातीत काहीतरी हलले. देऊळ बंद झाले. बाजार बंद झाला. कल्याणहून, डोंबिवलीहून रोज कुणाच्या ना कुणाच्या जाण्याची बातमी येई आणि तिच्या मागोमाग प्रतिकारशक्ती हा शब्द येई. तो शब्द त्या वर्षी आपण जितका वापरला तितका आधीच्या शंभर वर्षांत वापरला नसेल. तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरी यांचा काढा घ्या, असे आयुष मंत्रालयानेच सांगितले होते. पुढे ऑक्टोबरमध्ये त्यांचा जो उपचारक्रम आला त्यात गुळवेलीची घनवटीही होती. लोकांनी त्याच्या फार आधीच गुळवेल शोधायला सुरुवात केली होती. आणि आमच्या गल्लीत ती माझ्याकडे होती, निंबावर!

मी काय थाटाने ती वाटली म्हणून सांगू! भिंतीपलीकडून हाक आली की कोयता घेऊन निघायचे, हातभर तुकडे करायचे, सुतळीने जुडी बांधायची आणि तोंडाला फडके लावून भिंतीवर ठेवायची. जो घेईल त्याला चार शब्द सांगायचे. भीतीच्या दिवसांत माणसाला काहीतरी करायला मिळणे ही केवढी मोठी गोष्ट असते, हे ज्यांना मिळाले नाही त्यांनाच समजेल. मी स्वतःच्या घरी रोज सकाळी हातभर वेल ठेचून पातेल्यात टाकीत असे आणि दोन पेले उरेपर्यंत आटवीत असे. एक पेला माझा आणि एक हिचा.

आज हिशेब मांडतो तेव्हा दिसते ते असे. आई चार बोटे वेल घेई, मी हातभर घेत होतो. ती भिजवी, मी आटवीत होतो. ती ताप आल्यावर देई आणि सातव्या दिवशी थांबे; मी ताप नसलेल्या माणसाला एप्रिलपासून देत होतो ते नोव्हेंबर आला तरी देतच होतो. तिच्या नियमांपैकी एकही मी पाळत नव्हतो, आणि तरी आपण आईचेच औषध देत आहोत असे मला पक्के वाटत होते.

हिला कडू मुळीच आवडत नाही. कारलेसुद्धा ती माझ्यासाठी करते आणि स्वतः लोणच्याशी जेवते. शिवाय तिला बारा वर्षांपासून थायरॉइडचा त्रास. पहाटे उठल्यावर एक बारीक पांढरी गोळी घ्यावी लागते. गोळीनंतर तासाभराने माझा पेला. दोन-तीनदा ती म्हणाली, “अहो, आता पुरे झालं की.” मी म्हणे, “अगं, गुळवेल आहे. ती काय अपाय करणार आहे?” हे मी अगदी प्रेमाने म्हणत असे. तिनेही तो पेला प्रेमानेच घेतला असणार, कारण चवीने तर नक्कीच घेतला नाही.

दसऱ्याच्या सुमाराला तिचे जेवणावरचे मन उडाले. दुपारी पडून राहू लागली. अंगाला खाज सुटते म्हणाली. आम्ही साबण बदलला. दिवाळी आली. पाडवा १६ नोव्हेंबरला होता आणि नेमकी त्याच दिवशी राज्यातली देवळे उघडली. आठ महिन्यांनी महागणपतीचे दर्शन घेऊन मी मोठ्या आनंदात घरी आलो. संध्याकाळी ती मला ओवाळायला बसली. निरांजन वर आले तेव्हा तिचे डोळे मला पिवळे दिसले. मी मनाशी म्हटले, ज्योतीचा उजेड असेल. ओवाळणी टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उन्हात तुळशीला पाणी घालीत होती, तेव्हाही ते पिवळेच होते.

इथून पुढचे लिहायला मला जड जाते. कावीळ झाली हे मला कळले. आणि कावीळ म्हटल्यावर मी काय केले? गुळवेल काविळीवर सांगितलेली आहे, हे मला ठाऊक होते. तेवढेच ठाऊक होते. तेव्हा मी तिचा पेला सकाळ-संध्याकाळ केला. असे दहा दिवस. अकराव्या दिवशी ती पलंगावरून उठताना भिंतीला धरून उभी राहिली आणि मला तिने दोनदा वेगळ्याच नावाने हाक मारली.

त्या दिवसांत बायकांना ठराविक वेळेत लोकलने जायची मुभा होती, पुरुषांना नव्हती. म्हणजे जिला चालवत नव्हते तिला गाडी खुली आणि जो तिला नेणार त्याला बंद. एका ओळखीच्यांच्या मोटारीतून आम्ही ठाण्याला रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, मुखपट्टीवरून नुसते डोळे दिसत होते. त्यांनी विचारले, “काही औषधं चालू आहेत?” मी म्हटले, “थायरॉइडची गोळी. बाकी काही नाही.”

मी खोटे बोललो नाही. माझ्या मनात काढा हा औषधांच्या यादीत नव्हताच. ज्याने बरे होते ते औषध आणि ज्याने अपाय होतो तेही औषध, पण काढा आपला घरचा! तेवढ्यात पलंगावरून हिचा आवाज आला, अगदी बारीक. “अहो, काढा सांगा ना.”

डॉक्टरांनी लिहिणे थांबवले. कसला काढा, किती, केव्हापासून, असे त्या विचारत गेल्या आणि मी उत्तरे देत गेलो. प्रत्येक उत्तराबरोबर माझा आवाज खाली जात होता हे मलाच ऐकू येत होते. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. फक्त म्हणाल्या, “आजपासून बंद. आणि त्या वेलीचा तुकडा, पानासकट, आणून दाखवा.”

काविळीची नेहमीची कारणे एकेक करून तपासली. अ, ब, क, ई यांपैकी कुठलाही विषाणू सापडला नाही. बिलिरुबिन चौदाच्या वर गेले होते, ते एकाच्या आसपास असायला हवे. रक्तात स्वतःच्याच शरीराविरुद्ध लढणारी द्रव्ये सापडली. यकृताचा कणभर तुकडा सुईने काढून तपासला. डॉक्टरांनी मला समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. शरीराचे स्वतःचे सैन्य असते. काही माणसांत ते सैन्य आपलाच मुलूख शत्रूचा समजून त्यावर चालून जाते. थायरॉइडचा विकार पुष्कळदा असाच असतो. अशा माणसाला सैन्याला चेव आणणारे काही महिनोन्‌महिने दिले, तर ते यकृतावरही उलटू शकते. “हिच्या बाबतीत बहुधा तसंच झालंय,” त्या म्हणाल्या. बहुधा हा शब्द त्यांनी जपून वापरला होता. मला तो तेव्हा आधारासारखा वाटला आणि आजही मी त्याला धरून असतो, हे कबूल करतो.

वेलीच्या तुकड्याचीही तपासणी झाली. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या तिच्याच गोत्रातल्या दुसऱ्या वेली आहेत. एकीच्या पानांवर लव असते, दुसरीच्या अंगावर गाठीच गाठी असतात. कल्याणच्या एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी पान उलटेसुलटे करून पाहिले, वेल कापून ते चाक पाहिले आणि सांगितले की ही अस्सल गुळवेल आहे. उभ्या आयुष्यात त्या वेलीला खोटी ठरवावे अशी इच्छा मला फक्त त्या दिवशी झाली.

काढा बंद केला, काही आठवडे स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, आणि ती हळूहळू सावरली. १ फेब्रुवारी २०२१ला लोकल सगळ्यांना खुल्या झाल्या. त्यानंतरच्या तपासणीला आम्ही दोघे टिटवाळ्याहून गाडीने गेलो. तिने खिडकीशी बसून डबा उघडला आणि पोळी-भाजी खाल्ली. पाच महिन्यांत तिला मागून खाताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

त्याच वर्षी मुंबईच्या काही यकृततज्ज्ञांचा एक लेख प्रसिद्ध झाला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताला सूज येऊन त्यांच्याकडे आले होते. वर्तमानपत्रांत गलका झाला. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष दिशाभूल करणारा असल्याचे म्हटले. वनस्पती नीट ओळखली होती का, ती दुसरीच वेल नसेल कशावरून, असे विचारले. पुढे २०२२मध्ये देशभरातल्या १३ रुग्णालयांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या पुष्कळांत शरीर स्वतःवरच उलटल्याची लक्षणे होती. फेब्रुवारी २०२२मध्ये मंत्रालयाने पुन्हा पत्रक काढले की गुळवेल सुरक्षित आहे, घातक ती तिच्यासारखी दिसणारी गाठींची वेल.

दोन्ही बाजूंचे मी वाचले, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांशी माझे पटेनासे झाले. जे म्हणतात गुळवेल विष आहे, त्यांना मी म्हणतो, अरे, त्याच पातेल्यातला दुसरा पेला मी आठ महिने प्यालो. मला काही झाले नाही. गल्लीतल्या वीस-बावीस घरांपैकी कुणालाही काही झाले नाही. मी घरोघर जाऊन विचारले, आणि विचारताना माझे पाय लटपटत होते. जे म्हणतात गुळवेल अमृत आहे, त्यांना काही म्हणावेसे वाटत नाही. त्यांना हिचे डोळे दाखवता आले असते तर दाखवले असते. ४३ हा आकडा कोट्यवधी पेल्यांपुढे किती लहान, असे एक गृहस्थ मला सांगत होते. खरे आहे. पण तो आकडा ज्याच्या घरी बसलेला असतो त्याला लहान दिसत नाही.

कल्याणला एक वृद्ध वैद्य आहेत, तिसऱ्या पिढीचे. धीर करून मी त्यांच्याकडे गेलो. वाटले होते, ते आपल्या शास्त्राची बाजू घेऊन भांडतील. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मलाच प्रश्न केला, “कोणत्या वैद्यानं दिली होती?” मी म्हटले, कुणीच नाही. “मग आयुर्वेदाचं नाव कशाला घेता?” ते चिडलेच होते. जाणून वापरले तर विषही औषध होते आणि न जाणता वापरले तर औषधही विष होते, हे चरकात लिहून ठेवले आहे, आणि तुम्ही मात्र चरकाचे नाव घेऊन पातेली चढवता, असे ते बराच वेळ बोलत राहिले. मनुष्य पाहायचा, ऋतू पाहायचा, अग्नी पाहायचा, मात्रा ठरवायची, थांबायचे केव्हा ते ठरवायचे, वनस्पती त्यानंतर. मला ते पटले. पण आता आमच्याकडे वनस्पती तेवढी उरली आहे आणि बाकीचे सगळे गेले आहे, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. शिवाय इतके सगळे पाहणाऱ्या वैद्यालाही हिच्या रक्तातली ती भांडखोर द्रव्ये नाडीवरून कळली असती का, हेही विचारायचे राहून गेले.

बाजारात त्या शहापूरकडच्या बायका पुन्हा येऊ लागल्या. त्यांच्या भागात तर या वेलीने मोठेच काम केले. तिथल्या कातकरी तरुणांच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेला मोठमोठ्या औषध कंपन्यांकडून दीड कोटी रुपयांहून जास्त किमतीच्या गुळवेलीची मागणी आली होती. भट्टीवर, बांधकामावर स्थलांतर करणाऱ्या माणसांना गावात बसून पैसा मिळाला. मला ते वाचून बरे वाटले आणि त्याच क्षणी अवघडल्यासारखेही झाले. त्याच वेलीच्या नावाने मी घरी काय करून बसलो होतो! नेहमीच्या बाईंना मी विचारले, “ताई, तुम्ही घेता का गं हिचा काढा?” ती हसली. “ताप आला तं घेतू. रोज कशाला, दादा? लय कडू हाय.”

वेल तोडायची असे मी ठरवले होते. एका सकाळी, ही झोपलेली असताना, कोयता घेऊन गेलो आणि बुंध्याशी मनगटाएवढी झालेली ती वेल एका घावात कापली. आतले चाक दिसले. वरची सगळी वेल निंबावर तशीच राहिली, ती वाळेल म्हणून मी वाट पाहू लागलो. हिला कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “वेलीनं काय केलंय?” त्या ‘वेलीनं’ शब्दावर तिने जोर दिला होता की नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. या सबंध प्रकरणात तिने मला बोललेला एवढाच शब्द. फक्त माझ्या हातून चहाचा कप घेताना ती अजूनही आधी वास घेते. तिला स्वतःला ते माहीत नसावे.

वेल वाळली नाही. कापलेल्या टोकातून दोन पांढुरक्या पारंब्या निघाल्या, पावसाळ्यात उतरत-उतरत भुईला टेकल्या, आणि श्रावणात निंब पुन्हा पानांनी झाकला गेला.

परवा भिंतीपलीकडच्या सूनबाईंनी हाक मारली. सासऱ्यांचा ताप चार दिवस हटत नाही, जरा गुळवेल हवी होती. मी घरातल्या घरात गप्प बसलो. ही बाहेर गेली. रक्त तपासलं का, डेंग्यू नाही ना, थायरॉइड किंवा संधिवातासारखं जुनं काही आहे का, आणखी कसल्या गोळ्या चालू आहेत, सगळे एकापाठोपाठ एक तिने विचारून घेतले. मग कोयता मागायला आत आली. मी तो तिच्या हातात दिला. तिने अंगठ्याएवढी जाड वेल निवडली, बोटांनी चार बोटे मोजली आणि तेवढाच तुकडा भिंतीवर ठेवला.

“तीन दिवस,” ती म्हणाली. “आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा हेही घेतोय म्हणून सांगा हं.”